शंतनुराव किर्लोस्कर

शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात विहिरीचे पाणी शेतात आणावयाचे, तर मोटेवाचून बहुतेकांना दुसरा मार्ग नव्हता. दिवस उजाडण्यापूर्वी शेतकरी बैल जुंपी. बैल धावेवरून खाली उतरत, नाडा ताणला जाई, आणि कातड्याची भरलेली मोट कुरकुरत वर येऊन थारोळ्यात रिती होई. मग बैलांनी उलट्या पावलांनी पुन्हा विहिरीकडे यावयाचे. असे दिवसभर चाले. बैल थकले की पाणी थांबे. विहिरीत पाणी असूनही केवळ ते उपसणे होत नाही, म्हणून कित्येकांची पिके डोळ्यांदेखत वाळून जात.

पुढे या शेतांतून एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. टुक्‌-टुक्‌-टुक्‌ असा तो एकसारखा आवाज विहिरीच्या काठावरून, पिठाच्या गिरणीतून आणि गुऱ्हाळाच्या मांडवातून येऊ लागला. तो तेलाच्या इंजिनाचा आवाज होता. लोखंडाचा हा नवा बैल चारा मागत नसे व थकतही नसे. ज्यांच्या प्रयत्नांनी अशी इंजिने पुण्यास मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, ते कारखानदार म्हणजे शंतनुराव किर्लोस्कर.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव हे मोठे कल्पक आणि चिकाटीचे गृहस्थ होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांची चित्रे काढण्यास शिकवीत. ती नोकरी सोडून त्यांनी वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. त्या दुकानातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर जन्मास आला.

नांगर तयार झाला. पण तो घेणार कोण? लोखंडामुळे जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. कितीतरी दिवस नांगर तसेच पडून राहिले. लक्ष्मणराव मात्र डगमगले नाहीत. लोकांना शब्दांनी पटत नसेल तर ते कामाने पटवून द्यावे, असा त्यांचा स्वभाव होता. नांगर जमिनीत खोल जातो आणि पीक चांगले येते, हे प्रत्यक्ष दिसल्यावर शेतकऱ्यांचा संशय हळूहळू मावळला. नवी वस्तू बनविणे हे अर्धेच काम. तिच्यावर लोकांचा विश्वास बसविणे हे उरलेले अर्धे. हा धडा शंतनुरावांना घरातच मिळाला.

१९१० साली किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल स्टेशनाजवळ जमीन दिली आणि पैशाचीही मदत केली. ती जमीन म्हणजे नुसता माळ होता. जिकडे पाहावे तिकडे निवडुंग, दगड आणि साप. त्या माळावर लक्ष्मणरावांनी आपल्या सोबत्यांसह झोपड्या घातल्या, निवडुंग तोडला, कारखाना उभारला आणि एक गाव वसविले. तेच किर्लोस्करवाडी होय. शंतनु तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. गाव कसे वसते आणि ओसाड माळावर भट्टी कशी पेटते, हे त्याने लहानपणीच पाहिले. ओतशाळेतील तापलेले लोखंड, लेथवर फिरणारा दांडा, कानशीच्या घासण्याचा आवाज, हे सारे त्याच्या खेळाचे सोबती होते.

शालेय शिक्षण संपल्यावर मुलाला यंत्रशास्त्राचे उत्तम शिक्षण द्यावयाचे असे लक्ष्मणरावांनी ठरविले. १९२२ साली शंतनु अमेरिकेस निघाला. बरोबर चुलतभाऊ माधव होता. केंब्रिज गावच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नामांकित संस्थेत शिकावयाचे, असा दोघांचा बेत होता. परंतु दैव आड आले. माधवला क्षयरोगाने गाठले. त्याचे शिक्षण अपुरे राहिले आणि तो तरुणपणीच वारला. ज्या भावाच्या सोबतीने समुद्र ओलांडला, त्याचा वियोग शंतनुच्या नशिबी आला. ते दुःख मनात ठेवून त्याने अभ्यास चालूच ठेवला आणि १९२६ साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळविली.

पदवी घेऊन शंतनुराव परत आले ते थेट किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात. तेथे नांगरांच्या जोडीला आता पाण्याचे पंपही होऊ लागले होते. पंप विहिरीवर बसला म्हणजे मोटेची गरज उरणार नव्हती. पण पंप आपोआप फिरत नाही. त्यास फिरविणारे काहीतरी हवे. खेड्यांत वीज नव्हती. उरले तेलाचे इंजिन. ते मात्र समुद्रापलीकडून येई. त्याचा एखादा भाग मोडला तर नवा भाग येईपर्यंत वाट पाहत बसावे लागे, आणि तोवर शेत कोरडे पडे. इंजिन आपल्या देशातच झाले पाहिजे, ही निकड येथून निर्माण झाली.

इंजिन करावयाचे तर आधी नेमके काम देणारी यंत्रे हवीत. नांगराच्या फाळात केसभर फरक पडला तरी जमीन नांगरली जाते. इंजिनात तेवढा फरक पडला तर ते चालूच होत नाही. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे किर्लोस्करांनी लेथसारखी यंत्रे करणारा कारखाना काढला. यंत्रे घडविणारी यंत्रे देशात होऊ लागली, आणि पुढचे पाऊल टाकण्याची तयारी झाली.

दुसरे महायुद्ध संपले. १९४६ साली शंतनुरावांनी पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. पुणे हे तेव्हा मुख्यतः विद्येचे माहेरघर आणि पेन्शनरांचे शांत शहर म्हणून ओळखले जाई. खडकीस लष्कराचा दारूगोळ्याचा जुना कारखाना होता. तरी नव्या धर्तीचे मोठे खाजगी कारखाने पुण्याच्या परिसरात थोडेच होते. खडकीस रेल्वे होती. एका बाजूस मुंबईचे बंदर आणि दुसऱ्या बाजूस किर्लोस्करवाडी ही दोन्ही ठिकाणे लोहमार्गाने जोडलेली होती.

या कामात अवघड असे काय होते, हे समजण्यासाठी तेलाचे इंजिन कसे चालते ते पाहिले पाहिजे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हा अनुभव प्रत्येकास असतो. हवा दाबली म्हणजे ती तापते. याच साध्या गोष्टीवर रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन रचले. १९व्या शतकाच्या अखेरीस, १८९७ साली, जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. त्याच्याच नावाने हे इंजिन आणि त्यात जळणारे तेल आज जगभर ओळखले जाते.

या इंजिनात एक पोकळ नळकांडे असते. त्यास सिलिंडर म्हणतात. त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या असतो. दट्ट्या खाली गेला की झडपेतून हवा आत येते. मग झडप मिटते आणि दट्ट्या वर येऊन ती हवा दाबतो. किर्लोस्करांच्या कारखान्यात झालेले टीव्ही-१ नावाचे एक इंजिन अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बसविलेले असते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर आहे आणि दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर आहे. त्यात सुमारे ७०० घन सेंटिमीटर हवा शिरते आणि ती ४० घन सेंटिमीटर जागेत कोंबली जाते. म्हणजे तांब्याभर हवा एका चिमुकल्या वाटीत दडपण्यासारखेच हे आहे. मूळच्या साडेसतराव्या हिश्श्यात दबलेली ही हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. नेमक्या त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत उडतो. त्यास ना ठिणगी लागते ना आगकाडी. तापलेल्या हवेत ते तेल आपोआप पेट घेते. जळालेला वायू फुगतो, दट्ट्यास खाली लोटतो आणि चाक फिरू लागते.

यावरून ध्यानात येईल, की या इंजिनाचा सारा प्राण त्या दाबात आहे. कारागीर त्यास कॉम्प्रेशन म्हणतात. हवा कोठूनही निसटली की दाब पडतो. दाब पडला की हवा पुरेशी तापत नाही. हवा तापली नाही की तेल पेटत नाही, आणि कितीही हँडल मारले तरी इंजिन नुसता पांढरा धूर सोडून गप्प बसते.

हवा निसटण्याच्या वाटा तरी किती! दट्ट्या सिलिंडरमध्ये मोकळा सरकला पाहिजे. पण त्याच्या भोवतीच्या कड्यांनी हवेची वाट अडविली पाहिजे. झडप क्षणोक्षणी उघडली पाहिजे. पण मिटली म्हणजे आपल्या बैठकीवर बिनचूक बसली पाहिजे. सिलिंडर आणि त्यावरील झाकण यांमध्ये एक पातळ पत्रा असतो, त्यास गॅस्केट म्हणतात. तेथेही बारीकशी फट राहून चालत नाही. हे सर्व भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून घडवावे लागतात. तेलाचा फवारा देणाऱ्या पंपातील दांडा तर हजाराव्या भागापर्यंत मोजावा लागतो. माणसाचा केस त्या मानाने फारच जाड!

म्हणूनच खडकीचा कारखाना ही केवळ लोखंडाची व भांडवलाची गोष्ट नव्हती. आजवर घण आणि कानस हाताळणाऱ्या हातांना आता मायक्रोमीटर हाताळावयाचा होता. जवळपास बरोबर असणे आणि अगदी बरोबर असणे यांत फरक आहे, हे शेकडो कामगारांच्या अंगवळणी पडावयास हवे होते. एका कामगाराने झडपेची बैठक घासताना घाई केली, तर दुसऱ्या नव्वद जणांची मेहनत वाया जाणार होती. आणि गंमत अशी, की ती घाई कोणास दिसणार नव्हती. रंग दिलेले, चकाकणारे इंजिन बाहेरून पाहिले तर चांगले कोणते व वाईट कोणते हे कळत नाही. म्हणून तयार झालेले इंजिन चाचणीच्या ओट्यावर चढवावयाचे, भार देऊन ते चालवावयाचे, आणि ते त्या कसोटीस उतरले तरच बाहेर सोडावयाचे, अशी इंजिनाच्या कारखान्यांची रीत असते.

गिऱ्हाइकाच्या मनातील संशय हाही एक मोठा अडथळा होता. विलायती माल म्हणजे भक्कम आणि देशी माल म्हणजे तकलादू, अशी भावना त्या काळी पुष्कळांच्या मनात घर करून होती. वडिलांच्या नांगराला जो प्रश्न भेडसावला, तोच मुलाच्या इंजिनापुढे नव्या रूपात उभा राहिला. शेतकऱ्याने कर्ज काढून इंजिन घेतले आणि ते ऐन उन्हाळ्यात बंद पडले, तर त्याचा मळा जळून जाणार होता. हा विश्वास जाहिरातीने मिळणारा नव्हता. विहिरीच्या काठावर वर्षानुवर्षे चालून इंजिनाने तो स्वतःच मिळवावयाचा होता.

शेतकरी आणि गिरणीवाले हेही काही भोळे नव्हते. इंजिनाची परीक्षा करण्याची त्यांची स्वतःची रीत होती. हाताने चालू करावयाच्या इंजिनास वरच्या बाजूस एक लहान खटका असतो. तो उचलला म्हणजे झडप थोडी उघडी राहते आणि जड चाक हँडलने सहज फिरते. चाकास वेग आला की खटका सोडावयाचा, म्हणजे हवा दाबली जाऊन इंजिन पेटते. परीक्षा करताना मात्र माहीतगार मनुष्य तेल बंद ठेवून, खटका न उचलता, चाक हळूहळू हाताने फिरवून पाही. चाक एका ठिकाणी येऊन अडले आणि स्प्रिंगसारखे मागे रेटू लागले, तर इंजिनाचा दम शाबूत आहे असे तो समजे. चाक कोठेही न अडता पोकळपणे फिरले, तर आतून हवा निसटते आहे हे तो ओळखी. मग तो कान देई. हवा आत येण्याच्या वाटेने फुसफुस ऐकू आली तर एक झडप सदोष. धुराड्याच्या वाटेने आली तर दुसरी झडप. वंगण भरण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या कड्या झिजलेल्या. आणि थंड करण्याच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट गेलेले. वैद्याने नाडी पाहून रोग सांगावा, त्याप्रमाणे हाताच्या आणि कानाच्या आधाराने हे निदान होई.

अशा चिकित्सक गिऱ्हाइकांच्या हाती किर्लोस्करांची इंजिने गेली आणि टिकली. हळूहळू विहिरींवर, गिरण्यांत आणि गुऱ्हाळांत ती दिसू लागली. काही भागांत तर तेलाचे इंजिन म्हणजे किर्लोस्कर असेच लोक बोलू लागले. पुढे ही इंजिने परदेशांतही जाऊ लागली. ज्या वस्तूसाठी आपण इतरांच्या तोंडाकडे पाहत होतो, ती आपण इतरांस पुरवू लागलो.

ही वाट सरळ मात्र नव्हती. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर ज्या दंगली उसळल्या, त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. निवडुंग तोडून उभारलेल्या त्या वास्तूची मोठी हानी झाली. किर्लोस्करांनी तो कारखाना पुन्हा चालू केला. खडकीचे काम तेव्हा नुकतेच आकार घेत होते. तेही थांबले नाही. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून पुण्याच्या इंजिनापर्यंतचा प्रवास पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले होते. त्यानंतर या उद्योगसमूहाची सारी धुरा शंतनुरावांच्या खांद्यांवर आली.

शंतनुराव एका यशावर विसावणारे नव्हते. १९५८ साली पुण्यात किर्लोस्कर न्युमॅटिक ही कंपनी निघाली. हवा दाबून देणारी यंत्रे ती करू लागली. १९६२ साली त्यांनी अमेरिकेतील कमिन्स या कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन केली, आणि पुण्याच्या कोथरूड भागात मोठ्या शक्तीची डिझेल इंजिने होऊ लागली. विहिरीवरचे इंजिन पाच-दहा अश्वशक्तीचे असे. ही इंजिने शेकडो अश्वशक्तीची होती. पुढे ही कंपनी कमिन्स इंडिया या नावाने चालू राहिली.

मोठ्या इंजिनांत दाबाचे तेच शास्त्र आणखी एक पायरी वर गेले. जळून गेलेला वायू धुराड्यातून वेगाने बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यातील पुष्कळ शक्ती फुकट जाते. त्या वायूच्या झोताने एक लहान चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावयाचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलावयाची, ही युक्ती म्हणजे टर्बोचार्जर होय. हवा जास्त आली की तेलही जास्त जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. आजच्या डिझेल मोटारगाड्यांतही ही युक्ती वापरतात.

अशा इंजिनांची परीक्षा नुसत्या हाताने होत नाही. तेथे दाब मोजण्याचे घड्याळ लागते. इंजिन गरम करून घ्यावयाचे, तेलाचा पुरवठा बंद करावयाचा, फवारा देणारा भाग काढून त्या भोकात घड्याळाची नळी घट्ट बसवावयाची आणि विजेच्या मोटरने इंजिन फिरवून काटा कोठवर चढतो ते टिपून घ्यावयाचे. असे एकामागून एक प्रत्येक सिलिंडरचे करावयाचे. मग ते आकडे कारखान्याच्या पुस्तकातील आकड्याशी आणि एकमेकांशी ताडून पाहावयाचे. सगळे जवळजवळ सारखे असले तर चिंता नाही. एखादाच बराच खाली आला तर दोष तेथे आहे.

येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. परीक्षेच्या वेळी इंजिन सावकाश फिरते. त्यामुळे टर्बोचार्जर जवळजवळ काहीच मदत करीत नाही. शिवाय बाहेरून दाबलेली हवा मिळणार म्हणून अशा इंजिनाचा स्वतःचा दाब पुष्कळदा थोडा कमीच ठेवलेला असतो. म्हणून साध्या इंजिनाचा आकडा लावून टर्बोच्या इंजिनास दोष देणे योग्य नव्हे. उलट, एखाद्या सिलिंडरच्या कड्या झिजल्या असतील, तर टर्बोचार्जर त्यावर पांघरूण घालू शकत नाही. जास्तीचा दाब त्याच फटीतून खाली वंगणात शिरतो आणि ते वंगण खराब करतो. बाहेरची मदत कितीही मोठी असली, तरी आतला भाग आधी पक्का असावा लागतो.

कारखान्यांबरोबर शंतनुरावांचे सार्वजनिक जीवनही विस्तारले. स्वातंत्र्यानंतर उद्योगांवर सरकारी परवान्यांची जी बंधने आली, त्यांवर त्यांनी उघडपणे टीका केली. त्यांची मते सर्वांना मान्य होत असे नाही. पण ती त्यांनी कधी लपविली नाहीत. प्रामाणिकपणे उद्योग करून संपत्ती निर्माण करणे ही देशाचीच सेवा आहे, असे ते मानीत. १९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले. पुण्यातील त्यांच्या घराचे नाव लकाकि असे होते. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या वडिलांच्या नावाची ती आद्याक्षरे होती. त्या घरावरूनच तेथील रस्त्यास लकाकि रस्ता हे नाव मिळाले आहे.

१९८२ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कॅक्टस अँड रोझेस, म्हणजे निवडुंग आणि गुलाब, हे नाव त्यांनी त्यास दिले. सात वर्षांच्या मुलाने कुंडलच्या माळावर जो निवडुंग पाहिला, तो त्यांच्या स्मरणातून गेला नव्हता, असेच या नावावरून दिसते. २४ एप्रिल १९९४ रोजी ते कालवश झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, त्यांचेही असेच तिकीट निघाले होते.

शंतनुरावांच्या काळात पुण्याचे रूप पालटले. विद्येच्या या नगरीत लेथ, ओतशाळा आणि इंजिनांच्या चाचणीचे ओटे आले. खडकी, कोथरूड आणि हडपसर या भागांत हजारो तरुणांना काम मिळाले आणि नेमकेपणाचे शिक्षणही मिळाले. एकाने नांगर दिला, दुसऱ्याने इंजिन दिले. आणि दोघांनीही आपल्या मालाची परीक्षा लोकांच्या हाती सोपविली.

इंजिनाचा दाब डोळ्यांना दिसत नाही. तो कड्यांच्या घट्टपणात, झडपेच्या बैठकीत आणि ते भाग घासणाऱ्या कामगाराच्या इमानात असतो. परीक्षेचे घड्याळ लावले किंवा शेतकऱ्याने चाकाला हात घातला, की मात्र तो लपत नाही. कोणी पाहत नसतानाही काम चोख करावे, म्हणजे परीक्षेच्या वेळी भिण्याचे कारण उरत नाही, हेच विहिरीवरच्या त्या इंजिनाने कितीतरी वर्षे सिद्ध करून दाखविले.